रोजच्या कामाचे लिनक्स आणि मराठी अक्षर : पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यानंतर सोलापुरातील ओळखीच्या यंत्रमागधारकांकडून आणि पूर्व भागातील दुकानदारांकडून मला एकच प्रश्न वारंवार येतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मग त्याआधीचा, पण अजून ठणठणीत असलेला संगणक भंगारात काढायचा, की त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकायची? मी लिनक्स टाका असेच सांगतो. मात्र हे उत्तर वीस वर्षांपूर्वी मराठीत काम करणाऱ्या माणसाला इतक्या खात्रीने देता आले नसते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. युनिक्स या जुन्या प्रणालीसारखी, पण जिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येईल अशी प्रणाली त्यांना उभी करायची होती. कंपायलर आणि एडिटर ही प्रोग्रॅम लिहिण्याची साधने तयार झाली, परंतु हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा गाभा, म्हणजे कर्नल, रखडला. ती उणीव हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स हा कर्नल लिहून भरून काढली आणि पुढच्याच वर्षी आपले काम जीपीएल या ग्नूच्या मुक्त परवान्याखाली आणले. तरीही हे सारे प्रामुख्याने आज्ञा टाइप करणाऱ्यांचे जग होते. सामान्य माणसाला खिडक्या, मेनू आणि माउस देणारे केडीई १९९६ मध्ये आणि ग्नोम १९९७ मध्ये सुरू झाले, तर २००० मध्ये खुल्या झालेल्या स्टारऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडमधून आधी ओपनऑफिस आणि २०१० मध्ये लिबरऑफिस आले.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण यापलीकडची होती. इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक आणि जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती, ही दोन्ही १९९१ सालचीच. पण आपल्याकडच्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत त्यानंतरही कितीतरी वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांचे आपापले फॉन्टच चालले. अशा फाइलीत ‘क’ हा ‘क’ म्हणून नसतोच; इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर त्याचे फक्त चित्र बसवलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खे पत्र निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन समोर येते, आणि लिनक्सवर त्या काळी हेच वाट्याला येत असे.

मार्ग निघाला तो युनिकोड फॉन्ट आणि अक्षरे जोडणारी प्रणाली या दोन्ही बाजूंनी. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त केले आणि पुढे हार्फबझ या अक्षरे जोडणाऱ्या प्रणालीने जोडाक्षरांचे काम हाती घेतले. मराठीची खरी कसोटी ‘ऱ्या’ला लागते. ‘दुसऱ्या’ मधला हा अर्धा र हिंदीच्या रोजच्या लेखनात लागत नाही, त्यामुळे त्याकडे लक्ष जाण्यास वेळ लागला आणि पडद्यावर तो रफार होऊन वर चढलेला आम्ही कितीदा पाहिला आहे. आज इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या मानक कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ आणि ई, एवढ्या चार कळांत ‘ऱ्या’ बिनचूक उमटतो. सोलापूरला याचा विशेष उपयोग आहे, कारण इथे एकाच पत्रकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उजवीकडून लिहिली जाणारी उर्दू लागू शकते. या चारही लिप्या आता वेगळे सॉफ्टवेअर न घेता एकाच कागदावर बसतात.

उबुंटू या लिनक्सच्या सोप्या प्रकाराची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. मार्क शटलवर्थ यांच्या या उपक्रमातून २०११ पर्यंत सीडी पोस्टाने फुकट घरी येत असे. माझी पहिली सीडी अशीच आली, आणि हार्ड डिस्कला हात न लावता तिच्यावरूनच संगणक सुरू झाला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. (आता तेच काम पेनड्राइव्हवरून होते, आणि कोणालाही मी आधी तसेच करून पाहायला सांगतो.) भारतीय भाषांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस लिनक्सही काढले.

अडचणी अजून आहेत. हिशेबासाठी ज्यांना टॅली लागते, त्यांच्यासाठी एक विंडोज संगणक ठेवणे सध्या तरी सोयीचे. मात्र सर्वांत किचकट काम जुन्या मराठी फाइलींचे आहे. त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी ती जागेवर नेतात, पण जोडाक्षर आले की चुकू शकतात. एका पतसंस्थेची जुनी इतिवृत्ते मी अशी बदलून दिली, तेव्हा ‘स्थिती’ आणि ‘व्यक्तिगत’ हे शब्द शोधून शोधून हाताने नीट करावे लागले. ती इतिवृत्ते आता त्या कार्यालयातील कोणत्याही संगणकावर उघडतात.