एन्रिको पिएरानुन्त्सी

पिएरानुन्त्सी, एन्रिको (५ डिसेंबर १९४९ – ) : ज्येष्ठ इटालियन जॅझ पियानोवादक व संगीतरचनाकार. जन्म रोम येथे. वडील आल्वारो हे गिटारवादक असल्याने लहानपणापासून जॅझ घरातच कानावर पडत होते. त्याच वयात अभिजात पाश्चात्त्य पियानोचे रीतसर शिक्षणही सुरू झाले. हे दोन्ही संस्कार त्यांनी पुढे कायम जपले. मैफली आणि ध्वनिमुद्रणे चालू असतानाच फ्रोझिनोने येथील संगीत विद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. एन्यो मोरिकोने यांच्या चित्रपटसंगीतासाठी स्टुडिओत पियानो वाजवला आणि २००१ मध्ये मोरिकोने यांच्याच चालींवर स्वतःच्या त्रयीसह स्वतंत्र आल्बम काढला.

अमेरिकन ट्रम्पेटवादक व गायक चेट बेकर यांची साथ हा त्यांच्या घडणीतला फार मोलाचा टप्पा. ‘सॉफ्ट जर्नी’ (१९७९–८०) या आल्बममध्ये पिएरानुन्त्सी यांची ‘नाइट बर्ड’ ही रचना बेकर यांनी वाजवली. बेकर यांचा आवाज आणि ट्रम्पेट दोन्ही हळुवार. मागचा पियानो जरा जड झाला की ते दोन्ही झाकोळून जायचे. जागा सोडण्याची जी समज पिएरानुन्त्सी यांच्या साथीत दिसते, ती इथे कसाला लागली. नोव्हेंबर १९८७ मध्ये रोममध्ये चार्ली हेडन (बास), बिली हिगिन्स (ड्रम) आणि बेकर यांच्याबरोबर ‘सायलेन्स’ हा आल्बम ध्वनिमुद्रित झाला. पुढच्याच मे महिन्यात बेकर गेले.

पियानो, बास आणि ड्रम ही त्रयी हे त्यांचे खरे घर. १९८४ पासून बासवादक मार्क जॉन्सन व ड्रमवादक जोई बॅरन यांच्याबरोबर त्यांची सर्वांत दीर्घ भागीदारी झाली. पिएरानुन्त्सी यांना अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स यांचे वारसदार म्हटले जाते. एव्हान्स यांच्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले आहे आणि संथ रचनांमधले नाते कानाला लगेच जाणवते. पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे. दोन्ही हातांनी एकमेकांवर गुंफलेल्या सुरावटी, द्रुत लयीतला टोकदार जोर आणि आधी काहीही न ठरवता तिघांनी मिळून उभा केलेला खेळ, हे त्यांचे स्वतःचे आहे. जुलै २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील क्लबमध्ये त्यांनी जॉन्सन आणि पॉल मोशन यांच्यासह वादन केले. मोशन हे याच क्लबमध्ये १९६१ साली एव्हान्स यांच्या त्रयीत ड्रम वाजवत होते, तर जॉन्सन एव्हान्स यांच्या अखेरच्या त्रयीतले. हे ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

जॅझ आणि अभिजात हे दोन्ही संस्कार उघडपणे एकत्र आले ते वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, अठराव्या शतकातील इटालियन संगीतकार दोमेनिको स्कार्लाती यांच्या सोनाटांवरील एकल आल्बममध्ये (२००८). स्कार्लाती यांचे ५५५ सोनाटा मूळ हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी लिहिलेले. काही ठिकाणी पिएरानुन्त्सी लिहिलेला सोनाटा जसाच्या तसा वाजवतात आणि शेवटच्या सुरापासून उपज सुरू करतात. काही ठिकाणी उलटा प्रवास, म्हणजे आधी मोकळा विस्तार आणि त्यातून मूळ रचना हळूहळू वर येते. अलंकरणे झटक्यात आणि स्वच्छ येतात, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मात्र विसाव्या शतकातले, आणि सांधा बदलतो तो क्षण पुष्कळदा पटकन ध्यानात येत नाही. याच धर्तीवर पुढे बाख, हँडल व स्कार्लाती या तिघांवर त्यांनी ‘१६८५’ हा आल्बम केला. ते तिघांचेही जन्मवर्ष.