पऱ्हाटी लाल झाली म्हणून…

रात्री गार पडायला लागल्या की आमच्या यवतमाळकडच्या पानठेल्यावर एकच विषय: लाल्या, म्हणजे कपाशीची (आमच्या बोलीत पऱ्हाटीची) पानं लाल पडणं. "पऱ्हाटी लाल झाली भाऊ, मॅग्नेशियमच कमी पडलं. दुसरं काय राहीन?" एवढं बोलून माणूस कृषी केंद्राच्या वाटेला लागतोसुद्धा.

त्याचं बोलणं जरा सुटं करून पाहू. मॅग्नेशियम कमी पडलं तर पानं लाल होतात, हे खरं. पानं लाल झालीत, हेही खरं. पण एवढ्यावरून मॅग्नेशियमच कमी आहे, असं ठरत नाही. नत्र कमी पडलं, मुळाशी पाणी साचून राहिलं, तुडतुड्यांनी रस शोषला, तरीही पानं लाल होतात. थंडीचा हात असतो तो वेगळाच.

आता पऱ्हाटी बाजूला ठेवा. 'अ असेल तर ब. ब आहे. म्हणून अ.' अ आणि ब च्या जागी ताप घाला, भाव घाला, काहीही घाला. हा सांगाडा भरवशाचा नाही. 'अ असेल तर ब. अ आहे. म्हणून ब,' हा मात्र कधी दगा देत नाही. शब्द काढून अक्षरं ठेवायची ही युक्ती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने वापरली.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हेच धुरावरून सांगितलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे. कारण धूर तिथे विस्तव असतोच. पण विस्तव तिथे धूर? नाही. त्यासाठी त्यांचा दाखला लोखंडाच्या लालबुंद गोळ्याचा: आग आहे, धुराचा पत्ता नाही. लोहाराकडे बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

सांगाडा पक्का असला म्हणजे निष्कर्ष खराच, असंही नाही बरं. 'गावातल्या सगळ्या विहिरींना बारमाही पाणी असतं, आमची विहीर गावातलीच, म्हणून तिला मे महिन्यातही पाणी असेल.' मांडणीत खोट काढता येत नाही. खोट पहिल्याच वाक्यात आहे, आणि ती बादलीला कळते.

लाल्याच्या बाबतीत उपयोगी पडतो तो आणखी एक आकार: 'अ असेल तर ब. ब नाही. म्हणून अ नाही.' पानं लाल होण्याइतके तुडतुडे असते, तर पानाखाली तिरपे पळणारे हिरवे किडे दिसले असते. चार-दोन झाडांची पानं उलटून पाहिली, एकही नाही. मग तुडतुडे यादीतून गेले. आता पाणी साचलं होतं का, ते बघायला बांधावरून खाली उतरायचं.