संस्था नोंदवली की निधी येतो, हा समज सोडा

‘ट्रस्ट नोंदवा, दर्पण नंबर काढा, पैसे आपोआप येतात.’ गावोगावची तरुण मंडळं वर्षानुवर्षं हे ऐकत आली आहेत आणि या आशेवर एजंटांना पदरचे पैसे देत आली आहेत. हे खरं नाही.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी संस्थेला कायदेशीर अस्तित्व देते, पैसे देत नाही. दर्पण क्रमांक, म्हणजे नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर संस्थेला मिळणारा क्रमांक, ही निव्वळ ओळख आहे. केंद्रीय मंत्रालयांच्या योजनांसाठी अर्ज करताना तो लागतो. आयकर खात्याच्या ८०जी मान्यतेमुळे करसवलत मिळते ती देणगीदाराला, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर.

सर्वात मोठा गोंधळ सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. हा सरकारी निधी नव्हे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कोणत्या कामावर, कोणामार्फत, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. कंपनीने स्वतः न काढलेल्या, स्वतंत्र संस्थेला या कामासाठी १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरच्या करमाफीसाठीची आयकर नोंदणी), ८०जी आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. कालच नोंदवलेल्या संस्थेला ‘सीएसआर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही: कंपनी असं काम स्वतःही करू शकते. शाळेला पाण्याची टाकी हवी असेल, तर ट्रस्ट नसतानाही जवळच्या कंपनीकडे थेट प्रस्ताव देता येतो.