दक्षिण महासागरातलं लोह आणि न बुडालेला कार्बन

जानेवारी २००९ मध्ये जर्मनीचं 'पोलारस्टर्न' हे संशोधन जहाज केप टाउनहून निघालं, तेव्हा त्यावर गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. समुद्रात लोह घालून प्लवक वाढवले तर हवेतला कार्बन खोल तळाला जातो का, हे तपासणारा 'लोहाफेक्स' हा भारत-जर्मन प्रयोग 'फसला' असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. त्यामागचा प्रश्न फार जुना आहे.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्यं मुबलक आहेत, उन्हाळ्यात ऊनही मिळतं, तरी मोठ्या पट्ट्यात वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जेमतेमच वाढतात. 'डिस्कव्हरी' या ब्रिटिश सागरी संशोधन मोहिमांतले टी. जे. हार्ट यांनी १९३४ मध्येच यामागे लोहाची कमतरता असावी, अशी शक्यता मांडली होती. पण तपासणार कसं? समुद्रातलं लोह इतकं अत्यल्प असतं, की जहाजाचा गंज, नमुना काढायची तार, साधी बाटली, यातलं काहीही मोजमाप बिघडवतं. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांच्या गटाने अतिस्वच्छ पद्धतीने नमुने घेतले, तेव्हा कुठे भरवशाचे आकडे हाती आले. 'अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो,' हे मार्टिन यांचं १९८८ मधलं वाक्य गाजलं; म्हणजे लोहाने प्लवक वाढतील, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि पृथ्वी थंड होईल. १९९३ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी गालापागोसजवळ खुल्या समुद्रात लोह घालण्याचा पहिला प्रयोग झाला. दक्षिण महासागराची पाळी १९९९ मध्ये आली.

लोह घातलं की प्लवक वाढतात, हे या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. पण प्लवक वाढले म्हणजे कार्बन खोल गेला, असं नाही. वरच्या थरात जे वाढतं त्यातलं बहुतेक तिथेच खाल्लं जातं किंवा कुजतं आणि कार्बन डायऑक्साइड हवेत परतायला मोकळा होतो. बुडायला जड कण लागतात: सिलिकाचं कवच असलेल्या डायटम या सूक्ष्म प्लवकांचे गुंतलेले पुंजके, क्रिल या छोट्या कोळंबीसारख्या प्राण्यांच्या लेंड्या. २००४ च्या 'आयफेक्स' प्रयोगात डायटमचा बहर असाच कोसळला आणि त्यातलं निदान निम्मं जैवद्रव्य १००० मीटरच्याही खाली गेलं.

लोहाफेक्सची धुरा वजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक या शास्त्रज्ञांकडे होती. पर्यावरणवादी संघटनांच्या आक्षेपांमुळे जर्मन सरकारने काही दिवस प्रयोग थांबवला, मग परवानगी दिली. दक्षिण महासागराच्या अटलांटिककडच्या भागातल्या एका भोवऱ्यात, सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर, फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार सोडला गेला. भोवरा अशासाठी, की त्याचं पाणी बाहेरच्या पाण्यात लगेच मिसळत नाही. हरितद्रव्य वाढलं. मात्र तिथली सिलिका आधीच संपत आलेली असल्याने डायटमना कवच बांधता येईना. वाढले ते इतर लहान प्लवक, त्यांच्यावर कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांनी ताव मारला आणि कोपेपॉडना थेमिस्टो हे कोळंबीसारखे दिसणारे प्राणी खाऊ लागले. कोपेपॉडच्या लेंड्याही बऱ्याचशा वरच फुटल्या, खाल्ल्या गेल्या. ३९ दिवसांच्या निरीक्षणात खाली जाणारा कार्बन फारसा वाढला नाही.

दक्षिण महासागराच्या उत्तरेकडच्या मोठ्या पट्ट्यात उन्हाळ्यात सिलिकाची हीच टंचाई असते. तिथे नुसतं लोह ओतून हवेतला कार्बन तळाला नेता येईल, हा हिशेब चुकीचा आहे, हे लोहाफेक्सने प्रत्यक्ष समुद्रात दाखवलं.