ठिगळ बेतताना

काही बाळांची महारोहिणी, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य वाहिनी, जन्मतःच एका जागी आवळलेली असते. डॉक्टरांच्या भाषेत ‘कोआर्क्टेशन’. ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी ती पहिल्यांदा शस्त्रक्रियेने मोकळी केली. आवळलेला तुकडा कापला, दोन टोकं जोडली. पण तुकडा लांब असला की टोकं जुळवताना ताण येतो. १९५७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉसशुल्टे यांनी वेगळी वाट काढली: उभी चीर घ्यायची आणि तिथे ठिगळ बसवून नळीच रुंद करायची.

कापड कुठलं, हाही प्रश्न होताच. ह्यूस्टनमध्ये सर्जन मायकेल डिबेकी यांनी दुकानातून डेक्रॉन हे पॉलिएस्टर कापड आणून कृत्रिम रक्तवाहिन्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या. शिवणकाम त्यांना आईने शिकवलेलं! हृदयावरणाचा पडदा, दान मिळालेल्या रक्तवाहिन्यांचे तुकडे, गोर-टेक्स (टेफ्लॉनचं कृत्रिम कापड) हेही वापरात आले.

बेतणं मात्र नजरेवरच राहिलं. साधा हिशोब बघा: ६ मिलिमीटर व्यासाची नळी १० ची करायची, तर घेर ४ गुणिले पाय (π), म्हणजे साडेबारा मिलिमीटरने वाढवावा लागतो. शिवाय दोन्ही कडांना टाक्यांसाठी माया सोडायची. ठिगळ ४ मिलिमीटरचं पुरेल असं वाटणारा इथे चांगलाच फसतो. त्यात कापताना वाहिनी रिकामी, लुळी पडलेली. रक्ताचा दाब आल्यावर ती आणि ठिगळ किती ताणतील, हा अंदाजच. वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तसं मोठं ठिगळ लावलं, तर फुगवट्यात रक्त भोवरे घेतं. कृत्रिम कापड बाळाबरोबर वाढत नाही. डेक्रॉन लावलेल्या काही रुग्णांत तर अनेक वर्षांनंतर ठिगळासमोरची मूळ भिंतच फुगलेली आढळली. ताठ ठिगळामुळे धडधडीचा ताण तिच्यावर पडतो, हे त्याचं एक स्पष्टीकरण.

डाव्या बाजूचं हृदय खुरटलेल्या बाळांवरच्या शस्त्रक्रियेचं यश बोस्टनच्या विल्यम नॉरवूड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. या शस्त्रक्रियेत पुढे महारोहिणीची अख्खी कमान ठिगळाने घडवली जाऊ लागली. ते ठिगळ चौकोनी चालत नाही, कोयरीसारखं वळणदार लागतं.

संगणक आला तो ठिगळासाठी नव्हे, जोडणीसाठी. लंडनचे सर्जन मार्क द लेव्हाल आणि मिलानच्या अभियंत्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की महाशिरा थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडताना त्यांची तोंडं समोरासमोर न ठेवता थोडी सरकवली, तर प्रवाहाची शक्ती कमी वाया जाते. शस्त्रक्रिया आधी पडद्यावर करून बघता येते, ही कल्पना तिथून रुजली. ठिगळाचं गणित अधिक किचकट, कारण सपाट कापडाला दोन दिशांनी वळवलं की चुण्या पडतात.

आता काही ठिकाणी सीटी किंवा एमआरआयवरून त्या बाळाच्या वाहिनीची प्रतिकृती बनते, पडद्यावर चीर दिली जाते, हवा तो आकार भरून दाबाखाली ताणून पाहिला जातो आणि मग उलगडून सपाट केला जातो. हाती येतो मूळ मापाचा छापील साचा. तो ठिगळाच्या तुकड्यावर ठेवून सर्जन कडेने खूण करतात आणि कात्री हातात घेतात.