क्थुलू मिथॉस: हे नाव नेमकं कोणाचं?

क्थुलू मिथॉस म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांतून आणि त्याच्या मित्रांच्या लेखणीतून उभं राहिलेलं, क्थुलूसारख्या भयंकर देवांचं कथाविश्व. सगळा घोळ नावापासूनच आहे, कारण हा शब्द मूळ लेखकाचा, लव्हक्राफ्टचा, नाहीच. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचा हा माणूस १९३७ ला गेला, तोवर त्याने या प्रकाराला फारतर गमतीत, योग-सोथोथ या आपल्याच एका देवावरून, 'योग-सोथोथरी' म्हटलं होतं. सिस्टिम वगैरे काही नव्हती, मित्रामित्रांची उचलाउचल होती. कॅलिफोर्नियातल्या मित्राने, क्लार्क ॲश्टन स्मिथने, बेडकासारखा त्साथोग्वा नावाचा देव काढला, त्याची कथा छापून यायची होती नोव्हेंबर १९३१ ला, पण लव्हक्राफ्टने ती आधीच हस्तलिखितात वाचलेली, त्यामुळे ऑगस्टलाच तो देव ह्याच्या कथेत झळकला पण! १९३५ ला रॉबर्ट ब्लॉक या अठरा वर्षांच्या पोराने तर लेखी परवानगी काढून ह्यालाच कथेत मारलं, मग ह्यानेही त्या पोराच्या नावाशी मिळतंजुळतं पात्र मारून फिट्टंफाट केली.

तो गेल्यावर विस्कॉन्सिनच्या ऑगस्ट डर्लेथ या पत्रमित्राने, म्हणजे दोघं कधी समोरासमोर भेटलेही नव्हते, १९३९ मध्ये प्रकाशनच काढलं आणि 'मिथॉस' हे नाव रूढ केलं. इथवर ठीक. पण नंतर त्याने या देवांना पृथ्वी, आप, तेज, वायू असं वाटून टाकलं. हास्तूर वायूचा, क्थुलू पाण्याचा. अहो, ज्याला समुद्राने कोंडून ठेवलंय तो पाण्याचाच देव कसा? आगीची जागा रिकामी राहिली म्हणून क्थुग्गा नावाचा नवीनच देव आणला. वर चांगले देव विरुद्ध वाईट देव हा झगडा, जेव्हा मूळ कथांमधली भीतीच ही की विश्वाला माणसाचं काही पडलेलं नाही. समर्थनाला मूळ लेखकाच्या नावावर काळ्या जादूबद्दलचं एक वाक्य वर्षानुवर्षं छापलं गेलं, ते त्याच्या पत्रांत कुठे सापडलंच नाही, तिसऱ्याच माणसाने आठवणीतून सांगितलेलं निघालं. या पत्रमित्राने पुस्तकं छापली नसती तर कथा जुन्या मासिकांतच राहिल्या असत्या हेही खरं, पण बिल जरा जास्तच लावलं.

सत्तरच्या दशकात अभ्यासकांनी हे पंचमहाभूत प्रकरण (चारच होती म्हणा) सोलून काढलं. तरी बहुतेकांना मिथॉस कळला तो १९८१ च्या रोल-प्लेइंग गेममधून, म्हणजे खेळाडूंनी कथेतली पात्रं बनून खेळायच्या खेळातून. त्यात पात्रांना सॅनिटी पॉइंट्स (डोकं किती ठिकाणावर आहे याचे गुण) असतात, भयानक काही दिसलं की ते कमी होत जातात, आणि खुद्द क्थुलू समोर आला तर दर राउंडला फासे टाकून ठरवायचं, एक जण खाल्ला, दोन की तीन.