अर्गोनॉट शंख चोरत नाही आणि शीडही उभारत नाही

अर्गोनॉट नावाच्या ऑक्टोपसबद्दल दोन गोष्टी अजून फिरतायत, एक म्हणजे मादी दुसऱ्या कुणाचा तरी रिकामा शंख ढापते आणि दुसरी, दोन हातांवरचे रुंद पडदे शिडासारखे उभारून ती समुद्रावर वाऱ्याने जाते. शिडाची गोष्ट तर पार ॲरिस्टॉटलपासून चालत आलीय. दोन्ही चूक आहेत!

चोरीचा आरोप 1830 च्या दशकात जीन व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी खोडला. सिसिलीतल्या मेसिनात त्यांनी टाक्यांमध्ये जिवंत अर्गोनॉट ठेवले, पिल्लं जन्मतात तेव्हा शंख नसतो हे बघितलं, मग मुद्दाम शंखाचा तुकडा मोडला तर मादीने तेच हाताचे पडदे भोकावर पसरून भगदाड बुजवलं. म्हणजे ज्याला लोक शीड समजत होते ते शंख बनवायचं अवयव निघालं. किती सुंदर प्रयोग आहे हा, आणि बाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

नॉटिलस (ऑक्टोपसचा कवचवाला नातेवाईक), गोगलगाय, कालवं यांचं कवच मॅन्टलमधून, म्हणजे अंगावरच्या मऊ आवरणातून तयार होतं, अर्गोनॉटचं हातांमधून. ऑक्टोपसच्या पूर्वजांनी बाहेरचं कवच कधीच गमावलं होतं, ते परत आलं नाही, हे वेगळंच नव्याने घडलं. आत नॉटिलससारखे कप्पे नाहीत, शंख अंगाला चिकटलेलाही नसतो. मादी त्यात अंडी सांभाळते, शिवाय पृष्ठभागावर येऊन त्यात हवा कोंडून घेते आणि पाण्यात तोल राखते. नर अगदी चिमुकला, त्याला शंखच नसतो.